लोगोवर अडकलेला मोबाईल: फर्मवेअर टाकून सुरू झाला

आईचा मीडियाटेक चिपचा जुना अँड्रॉइड मोबाईल. अपडेट होताना मध्येच बंद पडला आणि मग लोगो यायचा, थरथरायचा, परत लोगो. रिकव्हरीतून, म्हणजे मोबाईलच्या दुरुस्तीच्या मेनूतून, कॅशे (तात्पुरत्या फाइल्स) पुसली, फॅक्टरी रिसेट मारला. काही उपयोग नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात 'बोर्ड गेला' म्हणाले. बोर्ड गेला असता तर लोगो तरी कशाला आला असता? डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी लॅपटॉपवर एसपी फ्लॅश टूलनं (मीडियाटेक मोबाईलमध्ये फर्मवेअर टाकायचं सॉफ्टवेअर) काम झालं. फर्मवेअर, म्हणजे मोबाईल चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, घेताना मॉडेल नंबर खोक्यावरून तंतोतंत जुळवा. एक अक्षर वेगळं असलं तरी ते घेऊ नका. आधी लॅपटॉपला मोबाईल ओळखता यावा म्हणून व्हीकॉम ड्रायव्हर टाकला. टूलमध्ये फर्मवेअरसोबतची स्कॅटर फाइल (कुठला भाग मोबाईलमध्ये कुठे टाकायचा त्याची यादी) निवडली, 'डाउनलोड ओन्ली' ठेवलं आणि यादीतल्या प्रीलोडरची (मोबाईल सुरू करणारा अगदी पहिला प्रोग्रॅम) खूण काढली. 'फॉरमॅट ऑल'ला हात लावायचा नाही, आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) उडतो.

खरी मेख पुढंच आहे. मोबाईल जोडला की लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रीलोडरचं पोर्ट जेमतेम दोन-तीन सेकंद दिसतं आणि गायब होतं. म्हणून आधी 'डाउनलोड' दाबायचं, मग पूर्ण बंद केलेला मोबाईल व्हॉल्यूम डाउन दाबून केबलला लावायचा. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. टूलमध्ये लाल पट्टी, मग पिवळी, शेवटी हिरवी खूण. तोवर केबल हलवू नका.

पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागतो. नंतर जुनं गुगल खातं मागतो, पासवर्ड हाताशी ठेवा.