पांदणीच्या चिखलात जुन्या जीपचा फोर-व्हील ड्राइव्ह कसा वापरावा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की वावराकडे जाणाऱ्या पांदणीचे रूपच पालटते. मे महिन्यात ज्या वाटेवरून मोटरसायकल धुरळा उडवत जाते, त्याच वाटेवर बैलबंडीची चाके आसापर्यंत रुततात. बियाणे, खताची पोती, फवारणीचे पंप आणि आजारी माणूस ही सगळी ने-आण मात्र याच दिवसांत करावी लागते, आणि म्हणून जुन्या महिंद्रा जीप, एमएम ५४० किंवा मारुती जिप्सी आजही गावोगाव जपून ठेवलेल्या दिसतात. या गाड्यांतला फोर-व्हीलचा दांडा काही जण वर्षानुवर्षे हलवत नाहीत, तर काही जण पावसाळा लागताच टाकून दिवाळीपर्यंत तसाच ठेवतात. या दोन्ही सवयींनी गाडीचे नुकसान होते. दांडा कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या क्षणी टाकायचा हे कळण्यासाठी आधी त्याचे काम समजून घेतले पाहिजे.

या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सची ताकद ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या पेटीत जाते. एरवी तिथून ती फक्त मागच्या शाफ्टला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीला, मिळते. दांडा टाकला की पुढचा शाफ्टही मागच्या शाफ्टशी जखडला जातो आणि दोन्ही शाफ्ट अगदी एकाच वेगाने फिरू लागतात. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत या दोन शाफ्टांच्या मध्ये एक डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जोडणी, असते. आपल्या जुन्या गाड्यांत ते नसते. खळ्यावरची पात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. तिवड्याभोवती फिरताना आतला बैल थोडे चालतो आणि बाहेरच्याला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावे लागते; दोघांनाही मोजून तितकीच पावले टाकायला लावली, तर कोणीतरी फरफटत जाईल. वळताना गाडीची पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. शाफ्ट जखडलेले असल्यामुळे हा फरक कुठेतरी भरून निघावा लागतो, आणि तो चाक थोडेसे घसरूनच निघतो. चिखल, वाळू, सुटा मुरूम किंवा ओले गवत चाकाला घसरू देतात, तर कोरडे डांबर आणि सिमेंट त्याला घसरू देत नाहीत.

कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून गाडी कधीही चालवू नये. तिथे तो ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे), ट्रान्सफरचे दाते आणि टायर यांच्यात साठत जातो. वळताना स्टिअरिंग जड होणे, गाडी कोणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी अडखळणे, टायरांचा कर्कश आवाज येणे आणि शेवटी दांडा परत न निघणे, ही त्याची लक्षणे आहेत. पांदणीतून बाहेर पडून पक्क्या रस्त्याला लागताना चाके अजून मातीवर असतानाच दांडा काढून घ्यावा. विसर पडला आणि दांडा अडकला, तर त्यावर लाथा मारू नयेत किंवा हातोडी चालवू नये. गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे घ्यावी, क्लच दाबून दांड्यावर हलका हात ठेवावा. साठलेला पीळ सुटला की तो आपोआप निघतो. तरीही न निघाल्यास पुढचे एखादे चाक कडेच्या मऊ मातीवर उतरवून पुन्हा तेच करावे.

आता दांड्यांची ओळख करून घेऊ. जिप्सीत गिअरच्या दांड्याशेजारी एकच दांडा असतो आणि त्यावर २एच (फक्त मागची चाके, नेहमीचा वेग), ४एच (चारही चाके, नेहमीचा वेग म्हणजे हाय), एन (न्यूट्रल, कोणतेच चाक जोडलेले नाही) आणि ४एल (चारही चाके, कमी वेग आणि जास्त ताकद म्हणजे लो) अशा जागा असतात. विलिसच्या वळणाच्या जुन्या जीपमध्ये दोन दांडे आढळतात; एक पुढची चाके जोडण्याचा आणि दुसरा हाय-लो निवडण्याचा. तिथे पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडत नाही, आणि ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण लोमध्ये ताकद सुमारे अडीच पट होते आणि ती सगळी एकट्या मागच्या एक्सलवर पडली तर एक्सल तुटू शकतो. परत येतानाही आधी लोमधून हायवर यावे आणि मग पुढची चाके सोडावीत.

अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवता येणारी हब असतात आणि त्यांवर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ अशा खुणा असतात. हब ‘फ्री’ असताना आत दांडा टाकला, तर पुढचा शाफ्ट नुसता फिरतो आणि चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही. एक हब ‘लॉक’ आणि दुसरे ‘फ्री’ राहिले तरी परिणाम तोच होतो, कारण पुढचे डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देऊन टाकते. माझे स्वतःचे मत असे आहे की जून ते ऑक्टोबर या काळात दोन्ही हब ‘लॉक’ करूनच ठेवावीत. दांडा २एचवर असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरत राहतो एवढेच. पण भर चिखलात गुडघे टेकून, बोटांनी गाळ उकरून हब फिरवण्याची वेळ येत नाही. शिवाय शाफ्ट आधीच फिरत असल्यामुळे ४एच सहज पडते. हब मोकळी असताना चालत्या गाडीत दांडा ढकलला, तर थांबलेला शाफ्ट आणि फिरणारे दाते यांची टक्कर होते आणि ती खरखर बाहेरपर्यंत ऐकू येते.

प्रत्यक्ष दांडा टाकताना घाई करू नये. काही गाड्यांत ४एच चालत्या गाडीत टाकता येते, पण ट्रान्सफर तीस-चाळीस वर्षे जुना असेल तर गाडी थांबवून किंवा अगदी बैलाच्या चालीने सरळ चालवत, क्लच दाबून दांडा सरकवावा. मागची चाके जागच्या जागी गरगर फिरत असताना तो कधीही टाकू नये. आधी ॲक्सिलरेटर सोडून चाके थांबू द्यावीत. ४एल मात्र गाडी पूर्ण उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन आणि क्लच तळापर्यंत दाबूनच टाकावे. दात्यासमोर दाता आल्यामुळे दांडा अडला तर जोर न लावता गाडी हातभर पुढे-मागे घेऊन पुन्हा प्रयत्न करावा.

एवढे कळल्यावर खरा प्रश्न जमिनीचा उरतो, आणि आमच्याकडे जमीन म्हणजे काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात तर ती इतकी खोल आहे की चाक रुतल्यावर त्याला खाली टेकायला कठीण थर मिळतच नाही. ही माती टायरच्या खाचांत भरते, खाचा बुजल्या की नवा टायरसुद्धा गोट्यासारखा गुळगुळीत होतो, आणि चारही चाके फिरत असली तरी ती चार गुळगुळीत चाकेच असतात. मडगार्डच्या आत माती थापली जाऊन चाक जाम झालेलेही मी पाहिले आहे. म्हणून पांदणीत गाडी घालण्याआधी पायी शंभर पावले चालून पाहावे. चप्पल चिखलात राहत असेल आणि पायाला मणभर माती चिकटत असेल, तर गाडी गावातच ठेवावी. एक-दोन दिवस ऊन पडून वाटेला वाफसा आला, म्हणजे मुठीत दाबलेला गोळा हाताला न चिकटता फुटू लागला, की तीच वाट गाडी सहज पार करते. वखर वावरात घालताना आपण जी पारख करतो, तीच इथेही उपयोगी पडते.

जायचेच असेल तर चिखल सुरू होण्यापूर्वी, घट्ट जागेवर थांबूनच दांडा टाकावा. गाडी फसल्यावर फोर-व्हील आठवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण तोवर मागच्या चाकांनी खड्डे करून गाडीचे पोट मातीवर टेकवलेले असते आणि मग पुढच्या चाकांना ओढायला काही उरत नाही. उथळ आणि निसरड्या चिखलात ४एचमध्ये दुसरा गिअर पुरतो. खोल चिखलात ४एलमध्ये दुसरा किंवा तिसरा घ्यावा, कारण लोच्या पहिल्या गिअरमध्ये ताकद इतकी असते की चाके लगेच जागीच फिरू लागतात. मध्येच गिअर बदलू नये, क्लचवर पाय ठेवू नये आणि ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. गाडीची चाल मंदावू लागली तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे, म्हणजे टायरच्या कडांना नवी माती मिळते. बंडीच्या चाकोऱ्या खोल असतील तर चाके त्यांत न घालता एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी काठावर ठेवावी.

‘फोर-व्हील’ या नावाने एक गैरसमज होतो, तोही इथेच दूर करतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधली डिफरन्शियल या गाड्यांत साधी असतात, त्यामुळे प्रत्येक एक्सलचे एक चाक अधांतरी झाले की दुसरे निमूट उभे राहते. दोन वर्षांपूर्वी धुरा (शेताचा बांध) तिरपा ओलांडताना माझ्या जीपचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक उचलले गेले. ती दोनच चाके हवेत फिरत राहिली आणि जमिनीवरची दोन हललीही नाहीत. तेव्हापासून मी धुरा किंवा चर नेहमी शक्य तितका सरळ ओलांडतो.

गाडी फसलीच तर चाके फिरवणे तत्काळ थांबवावे, कारण प्रत्येक फेरीबरोबर ती आणखी वीतभर खाली जाते. सर्वांत आधी आल्या मार्गाने रिव्हर्स घेऊन पाहावे, कारण मागची वाट निदान दाबलेली असते. ते न साधल्यास फावड्याने चाकांसमोरची आणि पोटाखालची माती काढावी आणि चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्यांची पेंढी आडवी घालावी; त्या काडक्या चिखलात वाळलेल्या पाल्यापेक्षा कितीतरी चांगला आधार देतात. वावरात उभे असलेले पऱ्हाटीचे कापलेले खुंट मात्र टाळावेत, ते टायरची बाजू फाडतात. ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर दोर चेसिसच्या हुकाला बांधावा, बंपरला नव्हे; ताण हळूहळू द्यावा आणि तोवर बघ्यांना, विशेषतः मुलांना, दोराच्या लांबीहूनही दूर उभे करावे. तुटलेला दोर किंवा साखळी माणसाचा जीव घेऊ शकते.

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत चिखलाखाली बहुधा घट्ट तळ लागतो, त्यामुळे तिथे हळू आणि एकसारखी चाल पुरते. वैनगंगेच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत टायरची हवा कमी केल्याचा मोठा फायदा होतो; ट्यूबचे टायर असतील तर १८ पीएसआयच्या खाली जाऊ नये, कारण टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. परतल्यावर हवा भरायला पंप बरोबर हवाच.

वाहत्या पाण्याबद्दल मी कोणतीही युक्ती सांगणार नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. वाहते पाणी गाडीला उचलते, आणि जमिनीवरून सुटलेल्या चाकांना कोणताही दांडा उपयोगी पडत नाही. नाल्याचे उभे, संथ पाणी आधी काठीने चाचपून, तळ पायाने पाहून, ४एलमध्ये अगदी सावकाश ओलांडता येते. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून ते कोरडे करावेत.

मेळघाटातल्या मुरमाड उतारासारख्या ठिकाणी ४एल आणि पहिला गिअर ठेवून पाय क्लच-ब्रेकवरून काढून घेतला, तर इंजिनच गाडीला धरून उतरवते. घाटाचा रस्ता डांबरी असेल तर मात्र २एचमध्येच छोटा गिअर वापरावा. उतारावर गाडी उभी करताना ट्रान्सफरचा दांडा एनवर राहिलेला नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. तो एनवर असेल तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळीच असते आणि घरंगळत जाते. जुन्या जीपपैकी काहींचा हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकवर उचलले की तो ब्रेकही धरत नाही. म्हणून बाकीच्या चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये.

देखभालीत मे महिन्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून बदलावे. शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस द्यावे, हाउसिंगच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी गाळाने बुजलेली नाही ना ते पाहावे. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत अशी जोडी असेल तर सरळ रस्त्यावरही शाफ्टांत पीळ साठतो. पावसाळा नसतानाही महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर फोर-व्हील टाकून गाडी चालवावी, म्हणजे पुढच्या भागात ऑइल फिरते आणि दांडा जाम होत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक तपासणी अवश्य करावी. डिझेल वाचेल या समजुतीने पुढचा शाफ्टच काढून टाकलेल्या गाड्या बाजारात येतात, तेव्हा आधी खाली वाकून तो जागेवर आहे का ते पाहावे. मग सपाट जागेवर इंजिन बंद ठेवून, मागच्या चाकांना दगड लावून, गिअर पहिल्यात आणि दोन्ही हब ‘लॉक’ करून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. दांडा २एचवर असताना ते हाताने फिरले पाहिजे आणि ४एचवर टाकल्यानंतर थोड्याशा खेळापलीकडे हलता कामा नये. ४एचवरही ते मोकळे फिरत असेल, तर हब किंवा आतली काहीतरी जोडणी गेलेली आहे, आणि तिची दुरुस्ती रोहिणी नक्षत्रातच मिस्त्रीकडे करून घ्यावी, कारण पेरणी लागली की मिस्त्रीही आपल्या वावरात असतो.