ट्राउटसाठी साधी निम्फ: बांधायची कशी, वाहू द्यायची कशी

ट्राउट मासा पाण्याबाहेर उसळी मारून माशी टिपतो तेव्हा बघणाऱ्याचं भान हरपतं. पण त्याचं रोजचं पोट भरतं ते खाली, तळाजवळ. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या कीटकांचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली, दगडांच्या बुडाशी जातं. पंख फुटल्यावर मेफ्लाय फार तर दोन-चार दिवसांची सोबती. दगडावरची पकड सुटून असा एखादा किडा प्रवाहात वाहत आला की ट्राउट जागचा फारसा हलत नाही. किंचित बाजूला सरकतो, तोंड उघडून मिटतो आणि पुन्हा आपल्या जागी. गळावर बांधलेली निम्फ ही या पाण्याखालच्या किड्याची नक्कल.

नक्कल म्हटलं की नवशिका डोळे, सहा पाय, मिशा, सगळंच बांधायला जातो. त्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निम्फ आज जगभर वापरली जाते. तिच्या मूळ रूपात दोनच वस्तू होत्या: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरासुद्धा नाही. तारेनंच बांधायचं, तारेनंच वजन द्यायचं. पाय त्यांनी मुद्दाम गाळले, कारण ज्या मेफ्लायची ही नक्कल आहे तिची पिल्लं पोहताना पाय अंगालगत आवळून घेतात. सडपातळ अंग, पुरेसं वजन आणि प्रवाहाच्या वेगानं वाहणं, या तिन्हींपुढे बाकीची कलाकुसर गौण आहे. म्हणून पहिल्या हंगामात दहा प्रकारच्या फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले नकली किडे, गोळा करण्यापेक्षा हीच एक निम्फ, थोडी बदलून, नीट बांधायला शिकावी असं माझं मत आहे.

काय लागेल

निम्फसाठी मिळतो तो थोड्या लांब दांडीचा, १४ नंबरचा गळ घ्या. नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो. १८ नंबरचा गळ नवशिक्याच्या बोटांना छळतो, त्याच्या वाटेला आधी जाऊ नका. गळाला उलटा काटा असेल तर बारीक पक्कडीनं चेपून टाका. गळाच्या मापाचे मणी लागतील: १४ नंबरला साधारण २.८ मिलिमीटरचा, १६ ला २.४ चा. मणी पितळी किंवा टंगस्टनचा असतो. त्याच आकाराचा टंगस्टनचा मणी पितळी मण्याच्या साधारण दुप्पट जड भरतो, म्हणून तो खोल आणि वेगवान पाण्यासाठी. पितळी मणी उथळ पाण्याला पुरतो.

याशिवाय ८/० किंवा ७० डेनियर जाडीचा तपकिरी दोरा, तांब्याची बारीक तार, नर फेझंटच्या शेपटीचं एक पीस आणि मोरपिसाचे काही तंतू. अवजारांत गळ पकडणारा व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन आणि टोकदार कात्री. तार कापायला जुनी कात्री वेगळी ठेवा, नाहीतर चांगल्या कात्रीची धार आठवड्यात जाईल.

बांधणी

मण्याला एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं भोक असतं. गळाचं टोक लहान भोकातून घाला आणि मणी बाकावरून फिरवत दांडीवर आणा. असं केलं की लहान भोक नेढ्याकडे येतं आणि मणी तिथेच अडतो. उलटा घातलात तर तो नेढ्यावरून निसटू शकतो. आता गळाचा बाक व्हाइसमध्ये पकडा, दांडी आडवी आणि सरळ राहील अशी. नेढ्यावर बोटानं हलकेच दाबून बघा. गळ लवायला हवा, पण जबड्यातून सरकता कामा नये.

दोरा मण्याच्या मागे सुरू करा. पहिले चार-पाच वेढे मागच्या दिशेनं, दोऱ्याच्या मोकळ्या टोकावरूनच घ्या, म्हणजे गाठ न मारताही दोरा धरतो. मोकळं टोक कापा आणि वेढे शेजारी-शेजारी टाकत बाक सुरू होतो तिथपर्यंत जा.

शेपटीसाठी पिसाच्या दांड्यापाशी चार तंतू वेगळे करा आणि ते दांड्याशी काटकोनात ओढून धरा. असं धरलं की त्यांची टोकं आपोआप एका रेषेत येतात. मग ते मुळाशी कापा. टोकं बाकाच्या मागे दांडीच्या साधारण निम्म्या लांबीइतकी राहतील असं धरून दोऱ्याच्या तीन-चार वेढ्यांनी बांधा. मुळाकडचा लांब भाग कापू नका, त्यातूनच अंग तयार होणार आहे. तो मागे वळवून ठेवा.

आता तार. फक्त शेपटीपाशी बांधली तर तिथे फुगवटा येतो. त्यापेक्षा तारेचं टोक थेट मण्यापाशी टेकवा, तार दांडीलगत धरा आणि दोऱ्यानं मागपर्यंत बांधत या. अंग एकसारखं बारीक राहतं आणि चार-पाच जादा वेढ्यांचा त्रास वाचतो. मग दोरा पुढे आणून मण्यापासून दांडीच्या एक-तृतीयांश अंतरावर थांबा.

मागे ठेवलेले तंतू एकत्र धरून, स्वतःपासून दूर जाणाऱ्या दिशेनं दांडीवर गुंडाळत पुढे या आणि दोऱ्यानं बांधून टाका. हे तंतू फार नाजूक असतात. ट्राउटच्या बारीक दातांचा एक झटका बसला की उसवतात. म्हणून तार उलट्या दिशेनं, म्हणजे स्वतःकडे येणारी, चार-पाच सुट्या वेढ्यांत त्यांच्यावरून घ्यायची. एकाच दिशेनं घेतली तर ती तंतूंच्या मधल्या खाचांत बुडून जाते आणि काही धरत नाही. उलटी घेतली की प्रत्येक तंतूला आडवी जाते, शिवाय किड्याच्या पोटावर असतात तशा कड्याही दिसतात. तार बांधून झाल्यावर उरलेलं टोक कापू नका. बोटात धरून गोल-गोल फिरवा, ते बांधाच्या अगदी लगत तुटतं आणि टोचणारं बोडकं राहत नाही.

मणी आणि अंग यांच्या मधल्या जागेत छाती येते. मोरपिसाचे दोन-तीन तंतू बांधा, दोऱ्याभोवती पिळून दोरीसारखे करा आणि तीन-चार वेढे घ्या. छाती अंगापेक्षा जरा जाड दिसायला हवी, एवढंच. फेझंटच्याच तंतूंचं पाठीवर कवच काढण्याची पद्धत आहे, ती हौसेची गोष्ट. मी ते करत नाही.

शेवटी मण्याच्या मागे चार-पाच वेढ्यांची व्हिप फिनिश गाठ (दोरा स्वतःच्याच टोकावरून गुंडाळून आवळायची) मारा, दोरा कापा आणि गाठीवर वार्निशचा बारीक थेंब टेकवा. नेढ्यात वार्निश गेलं तर ओलं असतानाच सुई घालून मोकळं करा. नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी ते काम होत नाही.

तयार निम्फ पेलाभर पाण्यात टाकून बघा. सरळ खाली गेली तर ठीक. रेंगाळत, डुलत गेली तर अंग जाड झालंय किंवा पिसांत हवा अडकलीय. १४ आणि १६ नंबरच्या, पितळी आणि टंगस्टन अशा दोन्ही वजनांच्या निम्फ बांधून ठेवा. दोन्ही मणी एकाच रंगाचे असतील तर डबीत गल्लत होते. टंगस्टनच्या निम्फची शेवटची गाठ लाल दोऱ्यानं मारली की प्रश्न मिटला.

पाण्यावर

परवाना, हंगाम, एका दोरीला किती गळ चालतात, शिशाच्या वजनाला बंदी आहे का, हे नियम प्रत्येक पाण्याचे वेगळे. ते आधी बघून घ्या.

लीडर म्हणजे दोरीच्या टोकाचा, निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा. ९ फुटी लीडरला दीड-दोन फूट ५ एक्स मापाचा टिपेट, म्हणजे निम्फ बांधायचा बारीक शेवटचा तुकडा, जोडा. त्याची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर. जाड टिपेटला प्रवाह ढकलत राहतो, बारीक टिपेट पाणी कापत खाली जातो, म्हणून मजबुतीच्या मोहानं जाड घेऊ नका. निम्फ क्लिंच गाठीनं (टोक नेढ्यातून काढून टिपेटभोवती पिळायचं आणि नेढ्याजवळच्या फासातून ओवायचं) बांधा आणि गाठ आवळण्याआधी ओली करा. वर इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावायचा तो निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर: दोन फूट पाणी असेल तर तीन फुटांवर. निम्फ इंडिकेटरच्या बरोबर खाली लोंबत नाही, तिरकी चालते, म्हणून हे जादा अंतर.

जागा निवडताना ट्राउटला काय हवं ते बघा: कमी कष्टात उभं राहता येईल असं संथ पाणी आणि शेजारून अन्न घेऊन जाणारा वेगवान प्रवाह. वेगवान आणि संथ पाण्याचा सांधा, खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड, मोठ्या दगडामागची ओंजळभर शांत जागा. दगडाच्या पुढेही मासा असतो, तिथे पाणी अडून मंदावतं. आधी पायाजवळचं पाणी तपासा, मग दूरचं. बरेच जण पहिल्या पावलातच मासा असलेल्या जागेत उभे राहतात.

माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह वाहत जातो त्या बाजूला उभे राहा आणि निम्फ प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तिरकी फेका. ती माशापर्यंत पोहोचण्याआधी तळाशी जायला हवी, तेवढं अंतर पुढे टाका. यापुढचे काही सेकंद सगळ्यात महत्त्वाचे. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगानं वाहतं. वरच्या पाण्यावर पडलेल्या दोरीला पोट येतं, ते निम्फला ओढतं आणि निम्फ खऱ्या किड्यासारखी वाहायची थांबते. म्हणून दोरी पाण्यावर पडताक्षणी काठीचं टोक उचलून ते पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला पलटा. याला मेंड करणं म्हणतात. शक्य तेवढी दोरी पाण्याबाहेर उचललेली ठेवली तर मेंड करायची वेळच कमी येते.

वाहणं बरोबर आहे का, हे फेसाच्या बुडबुड्यांवरून कळतं. इंडिकेटर शेजारच्या बुडबुड्यांच्या बरोबरीनं किंवा त्यांच्यापेक्षा जरा मागे पडत चालला असेल तर निम्फ तळाच्या संथ पाण्यात आहे. तो बुडबुड्यांच्या पुढे पळत असेल तर दोरी ओढतेय. दुसरी खूण तळाची. चार-पाच फेकींत एकदाही निम्फ तळाला घासली नाही तर ती उंचावरून चाललीय. निम्फचा प्रकार बदलण्याआधी इंडिकेटर वर सरकवा, जड निम्फ लावा किंवा तिच्या सहा-आठ इंच वर वजनाची लहान गोळी चेपा. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर याच्या उलट करा. मासा लागेना की माणसं डबी उघडून रंग बदलत बसतात, पण बहुतेक वेळा बदलायची असते ती खोली.

ट्राउटनं निम्फ घेतल्याचा धक्का हाताला क्वचितच जाणवतो. इंडिकेटर थबकतो, कलतो किंवा जरा बाजूला सरकतो. नकली वाटलेली वस्तू मासा क्षणात थुंकून टाकतो, त्यामुळे शंका आली की काठी उचला. बऱ्याचदा तो दगडच असेल. उचल छोटी, मनगटाची आणि प्रवाहाच्या खालच्या दिशेला, म्हणजे गळ माशाच्या तोंडाच्या कोपऱ्याकडे ओढला जातो. जोरात वर हिसडलंत तर गळ तोंडातून निघून येतो किंवा टिपेट तुटतो.

निम्फ वाहत तुम्हाला ओलांडून पुढे गेली की लगेच उचलू नका. दोरी ताणली जाऊ द्या. निम्फ तळातून वर चढते, पंख फुटायला वर येणाऱ्या किड्यासारखी. या चढावर बरेच मासे लागतात. सॉयर हेच मुद्दाम करत: दिसणाऱ्या ट्राउटच्या पुढ्यात निम्फ आली की काठी हलकेच उचलून तिला जिवंत करायची.

दोन निम्फ एकदम लावायच्या असतील आणि नियमात बसत असेल, तर पहिल्या गळाच्या बाकाला १२ ते १८ इंच टिपेट बांधून त्याला दुसरी, लहान निम्फ जोडतात. पण एक निम्फ गुंता न करता फेकता येईपर्यंत हा नाद नको.

मासा लागला तर फार दमवू नका. हात ओले करून त्याला पाण्यातच धरा, गळ पक्कडीनं काढा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघेपर्यंत आधार द्या. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल तर ट्राउट मुळातच धापा टाकत असतो, त्या दिवशी मासेमारी नकोच. घरी आल्यावर निम्फ डबीत बंद करण्याआधी उघड्यावर वाळवा, नाहीतर गळ गंजतात. बूट आणि वेडर्सही (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी) धुऊन पूर्ण कोरडे करा; एका नदीतलं शेवाळ आणि माशांचे रोग त्यांच्या ओलीतूनच दुसऱ्या नदीत जातात.