बंदुकीची रॅफल नीट कशी करायची: दुकानदार, आयोजक आणि तिकीट घेणाऱ्यांसाठी

इंडियातून नवीन आलेल्या माणसाला अमेरिकेत ज्या गोष्टी बघून धक्का बसतो त्यातली एक म्हणजे बंदुकीची रॅफल. पाच-दहा डॉलरचं तिकीट, नंबर लागला तर रायफल तुमची. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इकडे गावागावात स्वयंसेवी फायर कंपन्या (म्हणजे अग्निशमन दलं) आणि शिकारी क्लब ‘गन बॅश’ करतात, म्हणजे दुपारभर जेवण, गप्पा आणि थोड्या थोड्या वेळाने एकेका बंदुकीची सोडत, आणि जमलेल्या पैशातून फायर ट्रकची दुरुस्ती किंवा नेमबाजीच्या रेंजचं भाडं निघतं. मी एका क्लबचा खजिनदार होतो दोन वर्षं. पहिल्याच वर्षी आमचा विजेता बॅकग्राउंड चेकमध्ये, म्हणजे बंदूक घेणाऱ्याच्या सरकारी तपासणीत, नापास झाला, आणि तिकिटावर त्याबद्दल एक ओळही छापलेली नव्हती. तो म्हणतो माझा नंबर लागलाय, बक्षीस द्या, दुकानदार म्हणतो मी देऊ शकत नाही, बाकीचे म्हणतात परत सोडत काढा. ते भांडण महिनोन्महिने चाललं आणि दोन जुने मेंबर सोडून गेले. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तिकीट लागल्यावर बंदूक मिळत नाही. तिकीट लागल्यावर दुकानाच्या काउंटरवर जाऊन फॉर्म भरायचा हक्क मिळतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी माणसाला लायसन्स लागतं, मग शस्त्र. इथे फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पातळीवर लायसन्स असतं दुकानाकडे, त्याला एफएफएल म्हणतात (आणि तसल्या दुकानालाही), आणि घेणाऱ्याची तपासणी बंदूक हातात देण्याआधी होते. फुकट दिली, विकली, बक्षीस दिली, काही फरक पडत नाही.

आधी ठरवा, रॅफल कोणाची आहे

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. दुकानदाराला वाटतं, बंदूक माझी, दुकान माझं, लायसन्स माझं, मग शंभर तिकिटं विकली तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण पैसे घेणं, नशिबावर निकाल आणि बक्षीस या तीन गोष्टी एकत्र आल्या की अमेरिकन कायद्यात त्याला लॉटरी म्हणतात, आणि खाजगी धंद्याने लॉटरी चालवणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. बंदूक विकायच्या लायसन्सचा आणि तिकिटं विकायच्या परवानगीचा एकमेकांशी संबंध नाही.

दुकानासमोर मग दोन रस्ते उरतात. पहिला म्हणजे पैसे घेणं काढून टाकायचं, म्हणजे खरेदी न करताही भाग घेता येईल अशी स्वीपस्टेक्स करायची, आणि मग फुकट चिठ्ठी टाकणाऱ्याला खरेदी करणाऱ्याइतकाच चान्स द्यायचा, त्याची चिठ्ठी वेगळ्या डब्यात नाही टाकायची. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात बक्षिसांची एकूण किंमत ५,००० डॉलरच्या वर गेली की आधी राज्याकडे नोंदणीसुद्धा लागते. एका बंदुकीत ती मर्यादा सहसा येत नाही, पण दहा-बारा बंदुका एकत्र दिल्या की येते.

दुसरा रस्ता जास्त वापरातला. रॅफल फायर कंपनीची किंवा क्लबची, तिकिटं त्यांची, पैसे त्यांचे, आणि दुकान फक्त बंदूक पुरवतं आणि शेवटचं कागदपत्र करतं. हाच रस्ता धरा असं मी सांगेन.

मग राज्याचं लायसन्स

प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात स्मॉल गेम्स ऑफ चान्सचं (नशिबाच्या छोट्या खेळांचं) लायसन्स काउंटीच्या ट्रेझररकडून घ्यावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये शहराच्या किंवा गावाच्या क्लार्ककडून परमिट घ्यायचं आणि जमलेल्या एकूण रकमेवर ५ टक्के टॅक्स भरायचा. टेक्ससमध्ये पात्र नॉन-प्रॉफिट संस्थेला रॅफल करता येते, पण तिकिटावर संस्थेचं नाव-पत्ता, तिकिटाची किंमत आणि १० डॉलरच्या वरच्या प्रत्येक बक्षिसाचं वर्णन छापावंच लागतं आणि बक्षीस रोख पैशात देता येत नाही. कॅलिफोर्निया बरंच कडक, ॲटर्नी जनरलकडे नोंदणी, तिकीट विक्रीतले किमान ९० टक्के पैसे धर्मादाय कामालाच गेले पाहिजेत, आणि तिकिटं इंटरनेटवर विकता येत नाहीत. युटामध्ये पैसे घेऊन रॅफल करायचा विचारच सोडा, तिथे बंदीच आहे.

तिकिटं छापायला टाकायच्या आधी लायसन्सचा कागद हातात घ्या. ‘अर्ज केलाय, येईलच’ यावर प्रेसला पैसे देऊ नका.

बंदूक कोणाच्या बुकात आहे

दुकानाकडे एक रजिस्टर असतं, लोक त्याला ‘बाउंड बुक’ म्हणतात, त्यात आलेली आणि गेलेली प्रत्येक बंदूक सिरियल नंबरसकट लिहिलेली असते. रॅफलची बंदूक विजेता येईपर्यंत दुकानाच्याच बुकात राहू द्या. विजेता दुकानात येईल, फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने भरायचा फेडरल फॉर्म) भरेल, चेक होईल, मग बुकात त्याच्या नावावर जाईल. सगळ्यात स्वच्छ पद्धत.

लोकांना कार्यक्रमात बंदूक बघायची असते हे मान्य. दुकानाचा माणूस ती घेऊन येऊ शकतो, टेबलावर ठेवू शकतो, पण संध्याकाळी परत दुकानात न्यायची आणि देवाणघेवाण दुकानातच करायची. एफएफएलला दुकानाबाहेर फक्त स्वतःच्याच राज्यातल्या गन शोमध्ये किंवा शस्त्रांच्या खेळाला, संग्रहाला वाहिलेल्या संस्थेच्या कार्यक्रमात व्यवहार करता येतो. चर्चचं जेवण किंवा शाळेच्या टीमचा निधी-कार्यक्रम त्यात बसत नाही, तिथे स्टेजवर बंदूक हातात देऊन फोटो काढायचा मोह टाळा.

तिसरी पद्धत म्हणजे संस्थेने बंदूक स्वतःच्या नावावर विकत घेणं. मग पदाधिकाऱ्याला ४४७३ भरावा लागतो, सोबत ही बंदूक संस्थेच्या मालकीची राहील असं लेखी द्यावं लागतं, आणि पुढे विजेत्याला देणं ही संस्थेची जबाबदारी होते. विजेता दुसऱ्या राज्यातला निघाला तर संस्थेला थेट देताच येत नाही, एफएफएलमधूनच जावं लागतं. आणि असं वारंवार केलं तर एटीएफ (बंदुकांवर लक्ष ठेवणारी फेडरल संस्था) विचारू शकते की तुम्ही बंदुकांचा धंदा करताय का, मग तुमचं लायसन्स कुठाय. एवढी डोकेदुखी एका रॅफलसाठी कशाला घ्यायची?

तिकिटावर काय छापायचं

न्याय सोडतीच्या दिवशी होत नाही, पहिलं तिकीट विकायच्या आधी होतो. एकूण किती तिकिटं छापली हे तिकिटावरच लिहा, ३०० म्हणजे ३००, मागणी वाढली म्हणून आणखी १०० छापायची नाहीत, कारण ज्याने सुरुवातीला घेतलं त्याचा चान्स तुम्ही त्याला न विचारता कमी करताय. सोडतीची तारीख, वेळ, जागा लिहा. तिकिटं कमी विकली गेली तर काय, सोडत होणार की पैसे परत, तेही लिहा. बंदुकीचं मॉडेल आणि कॅलिबर लिहा आणि ते मॉडेल मिळालं नाही तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीचं दुसरं, हे स्पष्ट करा.

एकाने किती तिकिटं घ्यायची यावर मर्यादा ठेवायची का हा खरा वादाचा मुद्दा आहे. २०१६ मध्ये ऑरेगनमधल्या लेक ओस्वेगोच्या एका पाद्र्याने मुलींच्या सॉफ्टबॉल टीमच्या रॅफलची १५० तिकिटं ३,००० डॉलर देऊन घेतली, रायफल जिंकली, आणि त्याला ती मोडून टाकायची होती. नियमात मर्यादा नव्हती म्हणून त्याने काही चुकीचं केलं नाही. पण त्याने ती रायफल काही काळ ओळखीच्या माणसाकडे ठेवायला दिली आणि मग ऑरेगनच्या कायद्याप्रमाणे चेक न करता हस्तांतर झालं का यावरून पोलिसांनी चौकशी केली. हेतू कितीही चांगला असला तरी बंदूक या हातातून त्या हातात गेली की प्रश्न येतोच. मी स्वतः मर्यादेच्या बाजूचा आहे, माणशी १० वगैरे, छोट्या गावात ते लोकांना पटतं.

आयोजक, दुकानातले नोकर आणि त्यांच्या घरचे यांना भाग घेता येणार नाही, हे छापा. कायदा मागो न मागो. सेक्रेटरीच्या मेव्हण्याचा नंबर अगदी प्रामाणिकपणे लागला तरी पुढच्या वर्षी तुमची तिकिटं कोणी घेणार नाही.

आणि आमच्या तिकिटावर नव्हती ती ओळ: विजेत्याने स्वतः दुकानात येऊन फॉर्म ४४७३ भरायचा, कायद्याप्रमाणे पात्र असलं पाहिजे, पात्र नसेल तर बंदूक मिळणार नाही आणि त्याऐवजी अमुक मिळेल. ते ‘अमुक’ आधी ठरवा.

सोडत

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच आकाराच्या, एकसारख्या घडीच्या. न विकलेली तिकिटं डब्यात नाहीत हे दोन जणांनी मोजून सही करायची, विकलेले नंबर आणि जमलेले पैसे जुळले पाहिजेत. डबा सगळ्यांना दिसेल असा ठेवा आणि चिठ्ठी अशा माणसाला काढू द्या ज्याने तिकीटच घेतलेलं नाही. आपल्याकडे म्हाडाची सोडत लोकांसमोर होते म्हणून घर न लागलेला माणूस निदान घरी जाऊन झोपू शकतो, तसंच हे. पूर्ण व्हिडिओ काढा, मध्ये कट न करता. दोन पर्यायी नंबर तेव्हाच काढून लिहून ठेवा, पहिला विजेता आला नाही तर कामाला येतात.

विजेता काउंटरवर

सध्याच्या पत्त्याचं सरकारी फोटो आयडी लागतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवीन पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे. पीओ बॉक्स चालत नाही. दुकानातून हँडगन घ्यायला फेडरल नियमाने वय २१, रायफल किंवा शॉटगनला १८, काही राज्यांत जास्त.

फॉर्मवरचे प्रश्न नीट वाचा, खोटं उत्तर हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही आणि फॉर्मवर तसं लिहिलेलंच आहे. ‘खरा घेणारा कोण’ या प्रश्नाच्या सूचनेत रॅफलच्या विजेत्याचा उल्लेखच आहे, म्हणजे ज्याचा नंबर लागला त्यानेच भरायचा. आपण नापास होऊ म्हणून बायकोला किंवा मित्राला पुढे करणं ही ‘स्ट्रॉ परचेस’ होते, त्याला २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक घेणं आणि जवळ बाळगणं दोन्हीला बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स, पण त्या वाटेने जायचं तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, इथे चूक झाली तर व्हिसाचाच प्रश्न होतो. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी नाही, फॉर्मवर यूएससीआयएस नंबर लिहायचा. ऑफिसमधल्या कोणी तिकीट पुढे केलं तर फायर कंपनीला मदत म्हणून घ्या की, पण नंबर लागला तर पर्यायी बक्षीस मागा.

चेक १९९८ पासून एफबीआयच्या निक्स सिस्टिममधून होतो, काही राज्यं स्वतः करतात, आमच्याकडे स्टेट पोलिसांची पिक्स आहे. उत्तर तीन प्रकारचं: पुढे जा, थांबा, नाही. निक्सकडून ‘थांबा’ आलं तर फेडरल नियमाने तीन कामाचे दिवस, आणि २१ च्या खालच्या माणसाला ते दहापर्यंत जाऊ शकतात. कॅलिफोर्नियात चेक साफ असला तरी १० दिवस थांबायचंच. म्हणून ‘३० दिवसांत बक्षीस न्या नाहीतर गेलं’ असा नियम असेल तर या वाट पाहण्याचे दिवस त्यातून वगळा, यात विजेत्याची काही चूक नसते.

विजेता दुसऱ्या राज्यातला असेल तर हँडगन त्याच्या राज्यातल्या एफएफएलकडे पाठवून तिथेच फॉर्म. शिपिंग आणि तिकडच्या दुकानाची फी कोण देणार, हे तिकिटावर पाहिजे. त्याच्या राज्यात ते मॉडेल किंवा मोठं मॅगझिन (गोळ्या भरायचा खोका) चालतं का हेही पाठवायच्या आधी बघा.

टॅक्सचं थोडक्यात: बंदुकीची बाजारभावाने किंमत हे विजेत्याचं उत्पन्न धरलं जातं, आणि नॉन-प्रॉफिटच्या रॅफलचं तिकीट देणगी म्हणून टॅक्समधून वजा होत नाही.

‘नाही’ आलं तर

दुकानदाराला कारण माहीत नसतं आणि आयोजकांनी ते विचारू नये. गावात चर्चा करू नका, कित्येकदा नाव सारखं असल्यामुळे किंवा जुनी केस चुकीची नोंदवल्यामुळे असं होतं, आणि माणसाला अपील करता येतं. अपील करायचं असेल तर बंदूक ठरावीक मुदतीपर्यंत दुकानात राखून ठेवा, नाहीतर लिहिलेलं पर्यायी बक्षीस द्या. दुसऱ्या वर्षी आम्ही तिकिटाच्या मागे छापलं की चेक पास झाला नाही तर त्याच किमतीचं दुकानातलं इतर सामान मिळेल, तंबू, बूट, दुर्बीण, आणि अपीलसाठी ६० दिवस. त्या वर्षीही एकाला ‘नाही’ आलं. त्याने दुर्बीण आणि बूट घेतले, सही केली आणि पुढच्या वर्षीची दोन तिकिटं घेऊन गेला.