इंजिन नव्याने बांधलंय? सुरुवातीच्या या चुका टाळा

इंजिनकाम झालं की गाडी दोन-तीन तास आयडलिंगवर (जागेवर उभी, इंजिन चालू) सोडून द्यायची, म्हणजे इंजिन 'मोकळं' होतं, असं अजूनही बऱ्याच गॅरेजांत मानतात. नव्या रिंगांची (पिस्टनभोवतीच्या कड्यांची) सगळ्यात जास्त वाट यानेच लागते. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेताना, त्याच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यांवर घासूनच रिंगा बसतात, आणि त्यासाठी गॅसच्या दाबाने रिंग भिंतीला रेटली जावी लागते. लोड, म्हणजे गाडी ओढण्याचा भार, नसेल तर तो दाब मिळत नाही. तेवढ्यात रेघा झिजून भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली, की रिंगा बसायच्या राहतात. मग इंजिन पुन्हा खोलून होनिंग करण्यावाचून इलाज नाही.

कोरडा स्टार्ट, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचण्याआधीच स्टार्ट, मारू नका. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्शन सोडा. दहा सेकंद स्टार्टर, मग मिनिटभर थांबा, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत करा. कूलंट भरताना हीटर फुल गरमवर ठेवा. आत हवा अडकली आणि सेन्सर वाफेत राहिला, तर काटा खाली दिसतो आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) मात्र तापून वाकतं.

स्टार्ट झाल्यावर 1500 ते 2000 आरपीएम धरा, गळती बघा आणि इंजिन गरम होताच रस्त्यावर काढा. पद्मिनी किंवा अँबेसिडरच्या पुशरॉड इंजिनात कॅम-टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) नवे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी वीस मिनिटं 2000 ते 2500 आरपीएम, अधेमधे बदलत. कॅमवर क्रँकने उडवलेलं ऑइल पडतं, आणि आयडलिंगला ते पुरत नाही.

रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 वरून 65 किलोमीटरपर्यंत अर्ध्याहून थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबून न्या. मग पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच 40 वर येऊ द्या. असं दहा वेळा. पाय काढल्यावर सिलिंडरमधल्या व्हॅक्यूममुळे ऑइल वर ओढलं जातं आणि घासून निघालेली कणी धुतली जाते. न्यूट्रल केलंत तर हा फायदा गेला. पहिले 500 किलोमीटर हायवेवर एकाच वेगाने चालवू नका आणि टॉप गिअरमध्ये इंजिन गुदमरू देऊ नका.

सुरुवातीला मिनरल ऑइलच वापरा, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, सिंथेटिक नंतर. पहिलं ऑइल आणि फिल्टर 100 किलोमीटरच्या आतच बदला, मग 500 ला, मग 1500 ला. जुना फिल्टर कापून कागद पसरून बघा. बारीक चमक चालते. पण चुंबकाला न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस तुकडे दिसले, तर बेअरिंग गेल्याची शक्यता मोठी. गाडी तिथेच थांबवा.

पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडा निळा धूर येतो. फक्त सकाळी स्टार्टला येत असेल, तर व्हॉल्व्ह सील बघा. 1500 किलोमीटरनंतरही चढावर येत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला, तर रिंगा बसलेल्या नाहीत. कमी होता आणि तेवढाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासा.