पिकअप उचलायची आहे? आधी वजनकाट्यावर न्या

लिफ्ट किट, म्हणजे गाडीची उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप आणि पाट्यांचा संच, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "किती इंच?" मीही तोच विचारला होता. दोन इंचाचं किट आलं, बसलं, गाडी ऐटीत उभी राहिली आणि पहिल्याच खड्ड्यात पुढून 'ठक्' असा आवाज आला. मग प्रत्येक गतिरोधकावरून उतरताना तोच. किटमधल्या पुढच्या स्प्रिंगा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) लावलेल्या गाडीसाठीच्या होत्या, आणि माझ्या गाडीला पुढे यातलं काहीच नव्हतं. कमी वजनाखाली ती ताठ स्प्रिंग दबलीच नाही. गाडी दोनऐवजी तीन इंच वर गेली, शॉकअप उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहिला आणि चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून मी ज्याला त्याला एकच सांगतो: स्प्रिंग इंचावर नाही, किलोवर घ्यायची.

इथली उदाहरणं आपल्याकडे दिसणाऱ्या दोन पिकअपची आहेत, २०१६ पासून मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. दोन्हींची रचना जवळपास सारखी. पुढे डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक आर्म, त्यांच्यामध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट. मागे सलग एक्सल आणि त्याच्यावर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. बोलेरो पिकअपसारख्या गाडीचं गणित वेगळं आहे, तिला हा लेख जसाच्या तसा लावू नका.

वजन आणि कागदपत्रं

डिझेलची टाकी भरा आणि रोज गाडीत जे असतं ते सगळं ठेवा: टूलबॉक्स, कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं छत), दोरखंड, मागच्या सीटखालचं भंगारसुद्धा. जवळच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून पावती घ्या, मग पूर्ण गाडीची. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचं वजन मिळतं. उसाच्या हंगामात काट्यावर ट्रॅक्टरांची रांग असते, तेवढा काळ सोडून जा. या दोन पावत्या विक्रेत्यापुढे ठेवा आणि सतत असणाऱ्या वजनाला कोणती स्प्रिंग, असं विचारा. ओल्ड मॅन इमूसारख्या ऑस्ट्रेलियन किटमध्ये एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा आणि पाटे असतात. जो विक्रेता वजन न विचारता खोका पुढे सरकवतो, त्याच्याकडून घेऊ नका.

महिन्यातून एकदा मागे पाचशे किलो माल टाकणाऱ्याने त्या एका दिवसासाठी ताठ पाटे घेऊ नयेत. उरलेले एकोणतीस दिवस मणक्याला भोगावे लागतात.

कायद्याचंही आधीच बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधीच लेखी विचारा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर ही शिक्षा त्या दंडापेक्षा मोठी. पुढचे लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलेत, त्यामुळे 'बंपर पुढे लावणारच आहे' म्हणून ताठ स्प्रिंग घेण्यातही अर्थ नाही.

किती उचलायची?

या गाड्यांना ४० ते ५० मिलिमीटर पुरे. त्यापुढे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे फार वाकतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात, वरचा बॉल जॉइंट टोकाला जातो आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) इतका कमी होतो की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. मग वेगळे वरचे आर्म लागतात, डिफरेंशियल खाली घ्यायचे ठोकळे लागतात आणि खर्च वाढतच जातो.

एक गैरसमजही काढून टाका. मागचा एक्सल चाकांनाच जोडलेला असतो, त्यामुळे लिफ्टने चेसिस वर जाते, पण एक्सलच्या मधला फुगीर भाग जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, तोही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच.

स्वस्तातले उपायही आहेत. पुढे स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची जाड चकती मिळते. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो, म्हणून २५ मिलिमीटरची चकती चाकापाशी ५० च्या आसपास उंची देते. हे माहीत नसलेले लोक दोन इंच हवेत म्हणून ५० ची चकती घालतात आणि महिन्याभरात बॉल जॉइंट बदलतात. मागे एक्सल आणि पाट्यांमध्ये घालायचे लोखंडी ठोकळेही मिळतात. जोर दिला की एक्सल त्यांच्यावर पिळतो, मी ते टाळतो. शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारा दुवा. लांब शॅकलने उंची शॅकलच्या वाढीच्या निम्मीच मिळते आणि एक्सलचं तोंडही फिरतं.

आदल्या दिवशी

चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उभं माप घ्या आणि कागदावर लिहा. जमिनीपासून माप घेतलं तर टायरमधली हवा आकडा बदलते.

प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. कोकणातली गाडी असेल तर तीन दिवस आधीपासून. खाऱ्या हवेत पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बोल्ट रबरी बुशच्या नळीत असा जाम होतो की शेवटी ग्राइंडरनेच कापावा लागतो. म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

साहित्यात दोन मजबूत जॅक, चार जॅक स्टँड, गोटी पाने, टॉर्क पाना, पहार, हातोडा आणि एक दणकट मित्र. टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले किंवा किटच्या कागदातलेच घ्या, कुणाच्या तोंडचे नकोत.

पुढची बाजू

सिमेंटच्या सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना ठोकळे लावून गाडी उचला. स्टँड चेसिसखाली, आर्मखाली नाही. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी त्यांच्यावर बसेल, तुमच्यावर नाही.

स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीच्या) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडवा. एकाच बाजूची सोडवली तर बार दुसरीकडून आर्म ढकलत राहतो आणि तुम्ही तासभर भांडत बसता. ब्रेकच्या होजचे आणि एबीएसच्या वायरचे क्लिप मोकळे करा. ज्या गाडीत आर्मच्या मुळाशी अलाइनमेंटचे कॅम बोल्ट आहेत, तिथे त्यांची जागा रंगाने खुणावून ठेवा.

आता वरच्या बॉल जॉइंटची पिन काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोनचार आटे राहू द्या. नक्कल म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग. त्याच्या कानावर, म्हणजे जिथे तो जॉइंट शिरतो त्या लोखंडावर, बाजूने हातोड्याचे दणकट ठोके द्या. जॉइंट 'टक्' करून सुटतो. आटे ठेवलेले असल्यामुळे नक्कल अंगावर येत नाही. नट काढताना नक्कलखाली जॅक द्या किंवा तो तारेने बांधा. तो मोकळा लोंबला तर ब्रेकचा होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटू शकतो.

स्ट्रटच्या डोक्यावर तीन नट आणि खाली एक आडवा बोल्ट असतो. ते काढा, आर्म पहारीने दाबा, स्ट्रट बाहेर येतो. मधल्या जाड नटला मात्र हात लावायचा नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. सैल झाला तर वरची प्लेट गोळीसारखी उडते. जुन्या स्ट्रटची प्लेट नव्यावर चढवायची असेल तर भिंतीला जखडलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमधून चढवून आणा. दोन हुकांचे हाताने फिरवायचे कॉम्प्रेसर बाजारात मिळतात, पण एवढ्या ताठ स्प्रिंगवर ते वापरण्याची माझी हिंमत नाही. चढवताना प्लेटचे तीन बोल्ट आणि खालचा डोळा यांची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवा. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंगची उंची वेगळी असते, चिठ्ठी वाचून मगच बसवा.

बसवताना वरचे तीन नट आधी सैल लावा, मग पहारीने आर्म दाबून खालचा बोल्ट घाला. वरच्या बॉल जॉइंटचा नट टॉर्कला आवळून नवी पिन लावा. खालचा बोल्ट फक्त हातघट्ट. खालच्या आर्मच्या चेसिसकडच्या बोल्टांचे नट आता सैल करा. याचं कारण पुढे येतं.

मागची बाजू

चेसिस स्टँडवर आणि एक्सलखाली वेगळा जॅक. शॉकअप काढा, हँडब्रेकच्या केबलचा क्लिप सोडवा, यू-बोल्ट काढा आणि एक्सल सावकाश खाली आणा, ब्रेकच्या होजवर नजर ठेवून. मग शॅकलचा बोल्ट आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा. पाट्यांचा जुडगा एकट्याने पेलायचा प्रयत्न करू नका, मित्र बोलावलाय तो याचसाठी.

एका वेळी एकच बाजू करा, म्हणजे एक्सल जागेवरून सरकत नाही. नवा पाटा बसवताना मधल्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. कडेवर बसलं तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. चारही नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि आटे सारखे बाहेर दिसतात का बघा. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट इथेही हातघट्ट.

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत पातळ दांडी असते. मागे किती वजन आहे ते या दांडीवरून ओळखून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे माल नाही आणि मागचे ब्रेक कमी लागतात. दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट उंचीप्रमाणे जुळवून घ्यायला विसरू नका.

जमिनीवर

रबरी बुश म्हणजे निव्वळ फिरणारा सांधा नव्हे, तो पिळला जातो आणि परत येतो. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला तर त्या लोंबत्या स्थितीत बुश मोकळा राहतो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला. माझ्या पहिल्या किटच्या वेळी एका गॅरेजने असंच केलं. काही महिन्यांत बुश फाटले आणि गाडी जुन्या पलंगासारखी करकरायला लागली.

म्हणून चाकं लावा, गाडी खाली घ्या, पुढे-मागे दहा-बारा फूट ढकला, बंपरवर बसून चारदोन झोके द्या. गाडी आपल्या उंचीवर बसली की मग आर्म, स्ट्रटचा खालचा बोल्ट, पाट्यांचे डोळे आणि शॅकल टॉर्कला आवळा. खाली सरकायला जागा आता भरपूर असते, तेवढा लिफ्टचा तातडीचा फायदा.

हबपासूनची मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्यात दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी उलटसुलट बसलं आहे. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून टायर, होज आणि वायरी कुठे घासतात का बघा. मागच्या एक्सलला ताकद पोचवणारा लांब प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. गाडी सुटताना मधून थरथर आली तर त्याच्या मधल्या बेअरिंगचा कोन बदलला आहे. बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ पट्ट्या घालून तो जुळवतात.

पहिली फेरी गल्लीतच, हळू, ब्रेक तपासत. तिथून सरळ अलाइनमेंटला. टो (वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तर हवाच, पण कॅस्टरचाही आकडा कागदावर मागा, कारण हायवेवर गाडी भटकते ती त्याच्यामुळे. हेडलाइटचा झोत खाली घ्या, नाहीतर समोरचे रस्ताभर डिपर मारतील. ताम्हिणीसारख्या घाटात पहिल्या वेळी वळणं नेहमीपेक्षा हळू घ्या, गाडीचं वजन आता वर गेलेलं असतं.

शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट, पाचशेनंतर सगळेच बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवे पाटे थोडे बसतात, तेव्हा तिसऱ्यांदा मापं घेऊन त्याच कागदावर तारखेसह लिहा आणि कागद वजनकाट्याच्या पावत्यांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.