डेटा लोड करण्यापूर्वीच्या फिल्टरची स्क्रीन कशी आखावी

गोव्यातील तालुकानिहाय लोकसंख्या, पाऊस आणि विहिरींची पाणीपातळी एकत्र पाहण्यासाठी सॉफ्टवेअर करायचे असेल, तर उपलब्ध स्रोतांपैकी कोणते आणि त्यांतला किती भाग लोड करायचा, हे वापरकर्त्याला आधी ठरवावे लागते. त्यासाठीची स्क्रीन बहुधा सर्वांत शेवटी आणि घाईत तयार होते. पुढचे चुकीचे तक्ते मात्र तिथूनच निघतात.

सुरुवात चेकबॉक्सपासून न करता स्रोतांच्या सूचीपासून करावी. प्रत्येक स्रोताचा कालावधी, त्यात येणारे तालुके, ओळींची संख्या, फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख या सूचीत असावी, म्हणजे मूळ फाइल न उघडताच फिल्टर चालतो. फाइलच्या आतील निवड स्रोताच्या प्रकारावर अवलंबून असते. डेटाबेस असेल तर अट क्वेरीतच (डेटाबेसला केलेल्या विचारणेतच) पाठवावी. पार्केट फाइलमध्ये (डेटा स्तंभांनुसार साठवणाऱ्या फाइलमध्ये) ओळींच्या गटांची किमान आणि कमाल मूल्ये नोंदलेली असतील, तर अटीत न बसणारे गट न वाचता सोडता येतात. साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर फाइलमध्ये) ती सोय नसल्यामुळे ‘ही फाइल पूर्ण वाचावी लागेल’ असे स्क्रीनवर आधीच सांगावे.

खरी कसोटी लागते ती तालुका आणि जिल्हा या दोन फिल्टरांत. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत गोव्याचे ११ तालुके आहेत, त्यांत धारबांदोडा नाही. आज तालुके १२ आहेत. फोंडा तालुका त्या जनगणनेत उत्तर गोव्यात मोजला गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये दक्षिण गोव्यात गेला. त्यामुळे ‘दक्षिण गोवा’ निवडून जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवले, तर एक अख्खा तालुका मध्येच उगवतो आणि लोकसंख्या वाढल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून जिल्ह्याच्या फिल्टरखाली ‘त्या वेळच्या सीमा’ आणि ‘आजच्या सीमा’ असे दोन पर्याय द्यावेत. फोंड्याचे गणित बहुतांशी तालुका हलवून जमते. धारबांदोडा मात्र जुन्या तालुक्यांतील गावे वेगळी काढून झाला, म्हणून त्यासाठी गावपातळीवरून बेरीज करावी लागते, आणि तेवढा तपशील स्रोतात नसेल तर ‘आजच्या सीमा’ हा पर्याय कारणासह बंद ठेवावा. गावांच्या शोधात मडगाव, मडगांव आणि पणजी, पणजिम अशी रूपे एकाच नोंदीशी जोडलेली असावीत.

तारखेच्या चौकटीकडेही बारकाईने पाहावे. भारतीय हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० पर्यंत मोजून त्या दिवसाच्या तारखेला नोंदला जातो. म्हणजे १५ जुलैच्या आकड्यात बराचसा पाऊस १४ जुलैचा असतो. ही एक ओळ चौकटीखाली लिहिली, तर विहिरींच्या नोंदींशी तुलना करणाऱ्याचा गोंधळ टळेल. ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंद नाही’ हे पर्याय वेगळे ठेवावेत. पावसाळ्यात रिकामा रकाना म्हणजे कोरडा दिवस असे मानण्याचे धाडस गोव्यात तरी कोणी करू नये.

एका गटातील पर्यायांपैकी कोणताही चालेल आणि वेगवेगळ्या गटांच्या अटी एकत्र लागू होतील, हा नियम शब्दांत लिहावा. निवड बदलताच ‘२४ पैकी ७ स्रोत, सुमारे १८० एमबी, १७ वगळले’ अशी ओळ बदलावी. प्रत्यक्ष लोड मात्र बटण दाबल्यावरच सुरू व्हावे आणि ते मध्येच थांबवता यावे. माझ्या मते या ओळीतला ‘१७ वगळले’ हा भाग सर्वांत मोलाचा आहे: त्यावर क्लिक केल्यावर प्रत्येक स्रोत कोणत्या अटीमुळे गळला ते दिसावे. एकही स्रोत उरला नाही, तर कोणती अट काढल्यास किती परत येतील हे सांगावे.

फिल्टर जतन करताना ‘मागील १२ महिने’ ही अट सरकती ठेवायची की आजच्या तारखांवर गोठवायची, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. गोठवलेल्या फिल्टरच्या नावापुढे त्या तारखा कायम दिसाव्यात.