फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? या चुका टाळा

अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून काही वर्षं काढली की बऱ्याच जणींच्या डोक्यात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः निदान करून औषधं लिहिणारी नर्स, थोडक्यात एफएनपी व्हायचा विचार घोळू लागतो. वाट तशी सरळ दिसते: एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) किंवा डीएनपी (डॉक्टरेट) पदवी, त्यातले क्लिनिकल तास (पेशंटवर प्रत्यक्ष काम), राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. इथे अडकणाऱ्या नर्स अभ्यासात कच्च्या असतात असं क्वचितच दिसतं. बहुतेकींची चूक पहिल्या लेक्चरच्या आधीच झालेली असते.

ट्रॅकच चुकतो

‘एफएनपी केलं की कुठेही नोकरी मिळते’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. एफएनपीत तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळे पेशंट येतात, पण ते प्रायमरी केअरपुरते, म्हणजे नेहमीच्या दवाखान्यातल्या उपचारांपुरते. २००८ च्या ‘कन्सेन्सस मॉडेल’ या राष्ट्रीय आराखड्यापासून शिक्षण, प्रमाणपत्र आणि परवाना एकाच पेशंटगटाशी जुळले पाहिजेत, असा आग्रह आहे. आयसीयूत दहा वर्षं काढलेल्या आणि पुढेही तिथेच राहू पाहणाऱ्या नर्सने अ‍ॅडल्ट-जेरंटॉलॉजी अ‍ॅक्यूट केअर (गंभीर आजारी प्रौढ आणि वृद्ध) हा ट्रॅक घ्यावा. नंतर बदलायचं ठरवलं तर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट आणि नवे क्लिनिकल तास, म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा वेळ.

प्रवेशाआधीची कागदपत्रं

जीएनएम डिप्लोमावर थेट एमएसएनला प्रवेश मिळत नाही. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी करा, नाहीतर तिकडचा आरएन-टू-एमएसएन ब्रिज कोर्स शोधा. भारतातल्या पदवीचं विषयवार मूल्यमापन लागतं, आणि त्यासाठी विद्यापीठ व नर्सिंग कौन्सिलकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवावे लागतात. हे काम अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी सुरू केलं तर हमखास अडकतं.

आपल्याकडून गेलेल्यांची एक चूक वारंवार दिसते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, तोही ३ क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. एफएनपीचे बहुतेक कोर्स मात्र ऑनलाइन किंवा अर्धे ऑनलाइन असतात. कोर्स आवडला म्हणून फी भरण्याआधी हे तपासा. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीवरून मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर आरएनची नोकरी करता येत नाही, आणि कित्येक कॉलेजं प्रवेशासाठी आरएनचा अनुभव मागतात.

कॉलेजला सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांची मान्यता आहे का, हे बहुतेक जणी पाहतात. तुम्ही राहता त्या राज्यात क्लिनिकल करून घ्यायची परवानगी त्या कॉलेजला आहे का, हे मात्र विसरतात. कोर्स चालू असताना घर दुसऱ्या राज्यात हलवलं आणि तिथे परवानगी नसली, तर क्लिनिकल तिथेच थांबतं.

क्लिनिकल तास: खरी अडचण इथे

२०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी पेशंटच्या प्रत्यक्ष तपासणीचे किमान तास ५०० वरून ७५० केले. आठवड्याला १६ तास धरले तर साधारण ४७ आठवडे होतात. आरएनची पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे होईल असा हिशेब कागदावर जमतो, अंगाला झेपत नाही.

पुष्कळ कॉलेजांत प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, स्वतः शोधावा लागतो. सत्राच्या दोन महिने आधी शोधायला लागणं ही ठरलेली चूक, कारण प्रिसेप्टरने ‘हो’ म्हटलं तरी क्लिनिक आणि कॉलेज यांच्यातला करार व्हायचा असतो, आणि तो वकिलांच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे पडून राहतो. सहा ते नऊ महिने आधी सुरुवात करा. एकावर विसंबू नका, दुसरं नाव हाताशी ठेवा.

दुसरी चूक म्हणजे मिळेल तिथे सगळे तास उरकणं. प्रिसेप्टर चांगला आहे म्हणून तिन्ही सत्रं वृद्धांच्याच क्लिनिकमध्ये काढली, तर शेवटी लहान मुलं आणि स्त्रियांचे आजार यांच्या रकान्यात शून्य दिसतं. मुलांसाठीचं सत्र निवडताना मोसम बघा. उन्हाळ्यात शाळेच्या तपासण्या आणि लसी मिळतात, हिवाळ्यात कान, घसा, दमा. नोंदी रोजच्या रोज करा. गाडीने जाण्या-येण्याचा किंवा जेवणाच्या सुट्टीचा वेळ त्यात धरू नका. प्रिसेप्टरची सही राहिलेले तास सत्राच्या शेवटी बाद होऊ शकतात.

निरीक्षण पक्कं, निर्णय कच्चा

चांगली नर्स पेशंटमध्ये झालेला बदल लगेच ओळखते आणि डॉक्टरांना कळवते. एफएनपीच्या कामात कळवायला पुढे कोणी नसतं. विद्यार्थिनीची नोंद बघितली तर लक्षणं दोन परिच्छेदभर असतात आणि निदानाच्या जागी ‘घसा दुखतो’ एवढंच.

प्रिसेप्टरला हवं असतं ते असं (स्ट्रेप म्हणजे घशाचा जिवाणू संसर्ग, मोनो म्हणजे विषाणूमुळे होणारा तसाच आजार): ‘७ वर्षांचा मुलगा, दोन दिवस घसा दुखतोय, ताप १०१.५ फॅरनहाइट, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे चट्टे, गळ्याच्या पुढच्या गाठी दुखऱ्या. स्ट्रेपची शक्यता जास्त, मोनोही डोक्यात आहे. रॅपिड टेस्ट करते. पॉझिटिव्ह आली आणि अ‍ॅलर्जी नसली तर अमॉक्सिसिलिन १० दिवस.’ दोन मिनिटांच्या आत, आणि चुकलं तरी चालेल. प्रिसेप्टर चूक दुरुस्त करतो. मत नसेल तर त्याला शिकवायला काही उरत नाही.

डोसमध्ये मुख्य घोळ पौंडांचा. क्लिनिकच्या काट्यावर मूल ३१ पौंड भरलं. २.२ ने भागलं की १४ किलो. कानाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ९० मिलिग्रॅम धरलं तर १२६० मिलिग्रॅम, म्हणजे दोनदा ६३० मिलिग्रॅम. ५ मिलिलीटरमध्ये ४०० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ते साधारण ७.९ मिलिलीटर होतात. ३१ हेच किलो समजलं तर डोस दुपटीहून जास्त जातो. म्हणून किलोचा आकडा नोंदीत आधी लिहा, मगच गुणाकार.

औषध लिहून मोकळं होणं हीही नर्सच्या जुन्या सवयीतून आलेली चूक, कारण पुढच्या तपासणीची आठवण आजवर दुसरं कोणी ठेवत होतं. लिसिनोप्रिल हे रक्तदाबाचं औषध सुरू करण्याआधी गरोदरपणाची शक्यता विचारायची, आणि १ ते २ आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन बघायचं, हे ऑर्डरसोबतच लिहिलं गेलं पाहिजे.

परीक्षा

परीक्षा घेणाऱ्या संस्था दोन, एएएनपीसीबी आणि एएनसीसी. पहिलीत १५० प्रश्न, वेळ ३ तास, आणि भर जवळजवळ पूर्णपणे क्लिनिकलवर. दुसरीत १७५ प्रश्न, साडेतीन तास, आणि संशोधन, नीती, व्यावसायिक भूमिका यांवरही प्रश्न. एकीची तयारी करून दुसरीला बसणाऱ्या जणी या शेवटच्या भागात गडबडतात. एएनसीसीत नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं. एएएनपीसीबीत कच्च्या विषयांत १५ तासांचं शिक्षण दाखवल्याशिवाय पुन्हा बसता येत नाही.

पास झाल्यावर

नोकरीची तारीख आधी ठरवून टाकू नका. राज्याचा परवाना, एनपीआय हा राष्ट्रीय ओळख क्रमांक, नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी डीईए या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी, आणि मग विमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग (कागदपत्रं तपासून त्यांच्या यादीत नाव घेणं) हा क्रम आहे; शेवटच्या टप्प्यालाच तीन-चार महिने जाऊ शकतात. डीईएसाठी व्यसनांवरच्या उपचारांचं ८ तासांचं प्रशिक्षण लागतं. ते अभ्यासक्रमातच झालं असेल तर कॉलेजकडून तसं पत्र पदवीबरोबरच घ्या.

राज्य निवडताना पगाराबरोबर नियमही बघा. अ‍ॅरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते; टेक्ससमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. तो करार कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी लिहून घ्या.